कन्फ्यूजन कोणाचे, ते लिहा

१९६३ सालच्या नोव्हेंबरातला दुसरा सोमवार. रक्कम अठरा रुपये, फेरमोजणीची फी म्हणून शिरूरच्या खजिन्यात आधीच भरलेली. चलन माझ्या खिशात. ठिकाण दौंड, सरकारी विश्रामगृहाचा व्हरांडा. हजर पाच जण: जमीन एकत्रीकरणाचे साहेब, त्यांचा मोजणीदार, आमच्या गावचे चाचा, आमच्याच गावचे आप्पा आणि मी. पाचांपैकी ज्यांचे काही जायचे होते असे एकटे चाचा. त्यांची विहीर जायची होती आणि विहिरीवरची सव्वादोन एकर शेवंती.

हे सगळे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे इंग्रजी शब्द येणार आहेत ते नेमके असले तपशील पुसून टाकण्यासाठी वापरले जातात. कोण हजर होते, कोणी काय केले आणि कोणाचे गेले, एवढे कागदावर राहिले की त्या शब्दांना करण्यासारखे काही उरत नाही.

आमचे गाव घोड नदीच्या काठी, इनामगावापासून कोसभर. मी शिरूरला आडतीच्या दुकानात वह्या लिहितो आणि रविवारी शेतावर जातो. नदीपासून गाडीरस्त्यापर्यंत पावणेसोळा एकरांचा एकच सर्व्हे नंबर होता आणि तो सात जणांचा होता. कागदावर सातही नावे एकत्र. जमिनीवर मात्र सात सारख्या आडव्या पट्ट्या, मधे बांध, आणि आमच्या आज्यांच्या वेळेपासून कोणाची कोणती हे ठरलेले. नदीला लागून पहिली पट्टी चाचांची. मधली चौथी माझी. रस्त्याला लागून सातवी आप्पांची. पहिलीत काळी माती, चाचांनी आणि त्यांच्या वारलेल्या भावाने स्वतः खणलेली विहीर आणि तिच्यावर तेलाचे इंजिन. सातवीत मुरूम. नांगराचा फाळ लागला की ठिणगी उडावी असला.

आमच्याकडे पट्ट्या नदीकडून मोजतात. पूर्वी नदीवर सातही जणांची मिळून एक मोट होती आणि पाण्याची पाळी नदीकडून रस्त्याकडे सरकायची. ज्याला पाणी पहिले, तो पहिला. मोट मोडली, तिचे लाकूड चुलीत गेले, पण मोजायची रीत राहिली. गावात लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही विचारा, पहिली पट्टी म्हणजे नदीकाठची.

एकत्रीकरणाची मोजणी आली ती चैत्रात. मोजणीदाराने साखळी टाकून सातही पट्ट्या मापल्या. मग प्रत्येक पट्टीला नवा नंबर द्यायचा होता आणि त्या नंबरापुढे मालकाचे नाव. चाचांनी नावे आणि कोणाची विहीर ते सांगितले, त्याने लिहिले. ऑगस्टमध्ये चावडीवर उतारे वाटले गेले. चाचांचा नंबर एक, माझा चार, आप्पांचा सात. चाचांनी उतारा घडी करून टोपीत ठेवला.

"माझी एक नंबरची पट्टी, कागद बी एकच म्हनतोय," ते म्हणाले. "सरकारचं काम हाय, पर चोख हाय."

नकाशा महिन्याने आला. नकाशात एक नंबर होता रस्त्याकडे आणि सात नंबर नदीकडे.

ही गोष्ट गावात प्रथम कळली आप्पांना. आप्पा दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर बावीस वर्षे बाबू होते आणि नुकतेच पेन्शन घेऊन गावी आले होते. नकाशा वाचता येणारा माणूस गावात एक, तो हाच. त्यांनी नकाशा वाचला, कोणाला काही न सांगता चाचांच्या विहिरीवर गेले आणि इंजिनाच्या खोलीला स्वतःचे कुलूप लावून परत आले. शेवंतीला तेव्हा नुकत्याच कळ्या धरू लागल्या होत्या.

त्या रविवारी मी गावातच होतो. चाचा मला बरोबर घेऊन आप्पांच्या ओट्यावर गेले.

"आप्पा, किल्ली द्या."

"बसा तर आधी, चाचा. माझं काय वैर हाय का तुमच्याशी? नकाशाच तसा आलाय. सात नंबर माझा आन् सात नंबरात विहीर हाय."

"हीर म्या खनली."

"त्याला मी कवा न्हाई म्हनलो? ही एक मिसअंडरस्टँडिंग हाय. दोन्ही बाजूंनी हाय. साहेब क्लिअर करतील, तवर कुलूप राहू द्या."

"दोनी बाजूंनी म्हंजी?" चाचांनी विचारले. "माझ्या बाजूनं काय हाय?"

"तुमास्नी समजलं न्हाई, हेच."

शिरूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे मास्तर आमच्या दुकानातून बाजरी नेत. मी त्यांना या शब्दाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, गैरसमज. मी म्हणालो, गैरसमज झालेला माणूस दुसऱ्याच्या इंजिनाला कुलूप लावतो का? मास्तर म्हणाले, "ते इंग्रजीत येत नाही, ते फौजदारीत येतं." एवढा एक मनुष्य मला त्या तीन महिन्यांत सरळ बोलणारा भेटला, आणि तोही बाजरीचे पैसे राहिले होते म्हणून अजिजीने वागत असावा.

शिरूरच्या कचेरीत आम्ही चार खेपा घातल्या. तिथल्या अव्वल कारकुनाला मी उतारा आणि नकाशा शेजारी ठेवून दाखवला. त्याने चष्मा वर केला, दोन्ही कागद पाहिले आणि समाधानाने म्हणाला, "यात डिस्क्रेपन्सी दिसते."

"म्हणजे चूक आहे," मी म्हणालो.

"चूक नाही हो. डिस्क्रेपन्सी."

"फरक काय?"

"चूक माणूस करतो. डिस्क्रेपन्सी कागदात असते."

जसे काही ते कागद रात्री आपसात ठरवून एकमेकांविरुद्ध गेले होते. मग त्याने फेरमोजणीचा अर्ज करायला लावला, फी अठरा रुपये. ती चाचांनी भरली. कारण कागदांना फी भरता येत नाही.

या काळात मी ह्या शब्दांची वर्गवारी करायला लागलो. वह्या लिहिणाऱ्या माणसाला ती खोड असते. माझ्या पाहण्यात असे आले की आपल्याकडे हे शब्द अर्थाप्रमाणे वापरत नाहीत, पगाराप्रमाणे वापरतात. ज्याच्या हाताखाली कोणी नाही तो म्हणतो मिष्टेक, आणि लगेच हात जोडतो. ज्याच्या हाताखाली शिपाई आहे तो म्हणतो कन्फ्यूजन, आणि हात जोडत नाही. कारकून म्हणतो डिस्क्रेपन्सी. चाचांनी एका वकिलाला नुसते विचारले तर तो म्हणाला अँबिग्युइटी, आणि विचारल्याचे पाच रुपये घेतले. जितका शब्द लांब तितका बोलणारा चुकीपासून दूर उभा. आणि सगळ्यांत एक गोष्ट सारखी: यातली कोणतीही गोष्ट कोणी करत नाही. ती होते. ताप येतो, धुके पडते, तसे कन्फ्यूजन होते.

घरी जेवताना मी हे सगळे सांगितले तेव्हा आमच्या मंडळींनी विचारले, "त्या मोजणीवाल्यानं उलटं लिहिलं एवढंच ना?"

"एवढंच."

"मग तुम्ही सगळे शिरूरला जाऊन काय करता?"

तोपर्यंत चाचा आणि चाची नदीवरून हंड्यांनी पाणी आणून शेवंतीला घालत होते. सव्वादोन एकरांना हंड्याने पाणी घालून काय होणार? नदीकडचे वाफे जगत होते, वरचे मान टाकत होते. साहेबांचा मुक्काम नोव्हेंबरात दौंडला पडणार आणि तिथेच आमचे प्रकरण निघणार असे कळले. निकाल विरुद्ध गेला तर चाचांना मुरमावर जायचे होते, सासष्टाव्या वर्षी, नवी विहीर खणायला.

बाकीच्या चार पट्ट्यावाल्यांचेही नंबर उलटले होते. पण ते एकमेकांचे चुलतभाऊ, जमीन सारखी. ते म्हणाले, चाचांचे सुटले की आमचे आपोआप सुटेल. सुटले नाही तर आपोआप काय होईल हे त्यांनी सांगितले नाही.

सोमवारी पहाटे चाचा आणि मी निघालो. वरवंडला एस.टी. बदलली. दौंडच्या गाडीत कंडक्टरने आम्हाला तिकिटे दिली ती पाहिली तर पुढच्या टप्प्याची, चार आणे जास्त. नवे पैसे येऊन वर्षे झाली होती, पण मनात हिशेब आण्यांतच होतो. मी तिकिटे परत पुढे केली.

"कन्फ्यूजन झालं, मामा," कंडक्टर म्हणाला.

"कोणाला झालं?"

"आता झालं म्हंजी झालं. पंचवीस पैशाला एवढं काय?"

"तुमच्या खिशात राहतात का माझ्या, एवढंच."

त्याने पैसे परत दिले. चाचा खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी समद्यांशी असंच बोलता का वो?"

"हो."

"साहेबाशी नगा बोलू. माझी हीर हाय."

हे मी लक्षात ठेवले, पण पुरते पाळले नाही.

व्हरांड्यात साहेब खुर्चीवर, समोर टेबल. आप्पा आमच्या आधीच येऊन बसले होते, दौंड त्यांचे जुने ठाणे. मोजणीदार बाजूला उभा, काखेत नकाशाची गुंडाळी. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, काटकुळा, कॉलर उलटी करून शिवलेली. साहेबांनी कागद चाळले.

"हां. हे जरा कन्फ्यूजिंग आहे," ते म्हणाले. "बोला, आप्पासाहेब."

आप्पा उभे राहिले. मालधक्क्यावर हरवलेल्या पोत्यांबद्दल उत्तर देताना बावीस वर्षे जो आवाज वापरला असेल तोच त्यांनी लावला. "साहेब, एकत्रीकरणात जमिनींची अदलाबदल होते, हे सर्वांना माहीत आहे. ती इथे झाली. नावे चाचांनी स्वतः सांगितली. आता मागाहून त्यांना वाटतं की तसं नव्हतं. ही प्युअर मिसअंडरस्टँडिंग आहे. माझं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही."

साहेबांनी चाचांकडे पाहिले. "नावं तुम्ही सांगितली?"

"व्हय. म्याच सांगितली."

"मग?"

चाचांनी टोपी सारखी केली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी परवानगी मागितली आणि मोजणीदाराला विचारले, "तुम्ही पट्ट्यांना आकडे घातले तेव्हा कुठे बसला होता?"

त्याने आधी साहेबांकडे पाहिले. "बाभळीखाली."

"बाभूळ कोणत्या टोकाला?"

"रस्त्याच्या."

"आणि पहिला आकडा कोणत्या पट्टीला घातलात?"

"समोर होती तिला."

"नावं कोणत्या टोकाकडून आली, ते विचारलं होतं?"

त्याने नकाशाची गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाला, "नाही. ऊन फार होतं. नदीपर्यंत परत गेलो नाही. आप्पांनी चहा आणला होता, तिथंच बसून लिहिलं."

आप्पा म्हणाले, "चहा तर मी सगळ्यांना देतो."

मी एका कागदावर आधीच मांडून नेले होते. सात नावे नदीकडून, सात आकडे रस्त्याकडून. कोणत्याही पट्टीचा गावचा आकडा आणि नकाशातला आकडा मिळवा, बेरीज आठ येते. चाचांचे एक आणि सात. आप्पांचे सात आणि एक. माझे चार आणि चार. म्हणून सातांत माझी एकट्याचीच पट्टी जागेवर आहे, आणि म्हणून मी इथे निःस्वार्थ बोलू शकतो. अदलाबदल ठरवून केली असती तर ती अशी शिस्तीत आली नसती. आणि शेवटचे: मोजणीदाराच्याच नोंदवहीत, जी मी शिरूरच्या कचेरीत पाहिली होती, विहिरीचा रकाना आहे. त्यात एक नंबरापुढे, चाचांच्या नावावर, लिहिले आहे, विहीर एक, इंजिनासह. सात नंबरापुढे, आप्पांच्या नावावर, लिहिले आहे, विहीर नाही. नकाशात मात्र एक नंबरात विहीर नाही आणि सातात आहे. आप्पांना विहीर मिळालीच असेल तर नोंदवहीत ती नाही असे कसे?

साहेबांनी नोंदवही मागवली, रकाना पाहिला, नकाशा पाहिला, बोटाने बेरजा केल्या. माणूस मूर्ख नव्हता. पाच मिनिटांत त्याला सर्व कळले. मला तेव्हा वाटले की संपले.

"क्लिअर आहे," ते म्हणाले. "नंबर उलट करून घ्या. आप्पासाहेब, ती किल्ली देऊन टाका."

आप्पांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. इतक्या सहज, की ती ते रोज बरोबर आणत होते हे कळले. चाचांनी ती उचलली आणि टोपीत ठेवली.

मग साहेबांनी हुकूम सांगायला सुरुवात केली आणि मोजणीदार लिहू लागला. "सदर प्रकरणी उभय पक्ष व खाते यांचे दरम्यान कन्फ्यूजन झाल्याने..."

"साहेब," मी म्हणालो, "उभय पक्षांचं नाही झालं."

चाचांनी माझी बाही ओढली.

"अहो, लिहायची पद्धत असते," साहेब म्हणाले. "शब्दानं काय फरक पडतो? जमीन मिळाली ना?"

"मिळाली. पण उभय पक्षांचं कन्फ्यूजन म्हटलं की आप्पा उद्या अपिलात जातील आणि म्हणतील, माझं कन्फ्यूजन अजून आहे. मग पुन्हा कुलूप. आणि पक्षांचं कन्फ्यूजन असेल तर फी पक्षाकडे. खात्याची चूक असेल तर फी परत मिळते, असं तुमच्याच शिरूरच्या कारकुनानं सांगितलंय."

"चूक हा शब्द हुकमात बरा दिसत नाही."

"कन्फ्यूजन कोणाचं, ते लिहा मग. नाव घालून. शब्दानं फरक पडत नसेल तर माझा लिहा."

साहेबांनी मोजणीदाराला हाताने थांबवले. आप्पा खाली बघून हसत होते. त्यांना मजा वाटली असावी की मिळालेले मी घालवतो आहे. चाचांनी बाही सोडली आणि दुसऱ्याच कोणाबरोबर आल्यासारखे एक पाऊल बाजूला सरकले.

तेव्हा मोजणीदार म्हणाला, "लिहितो साहेब. चूक माझीच आहे. बाभळीखाली मी बसलो होतो."

त्या तीन महिन्यांत चूक हा शब्द एका सरकारी तोंडातून एकदाच आला, तो हा. साहेब म्हणाले, "तुला कळतंय ना, काय लिहितोयस?" तो हो म्हणाला. आणि लिहिले गेले: आकडे रस्त्याकडून व नावे नदीकडून घेतल्याने, खात्याच्या मोजणीदाराच्या चुकीमुळे. साहेबांनी सही केली. सही इंग्रजीत होती.

परत येताना वरवंडला आम्ही गाडी बदलली. चाचा म्हणाले, "पोराला काय व्हईल?"

"काय होणार? समज देतील."

"तुमी शब्दासाठी लई ताणलं."

"शब्द नसता तर कुलूप पुन्हा लागलं असतं."

"व्हय," ते म्हणाले. "त्ये बी खरं." पण किल्ली काढून पाहायला त्यांना पाटस, चौफुला, सगळी वाट मिळाली होती, तरी त्यांनी ती घरी पोचेपर्यंत काढली नाही.

इंजिन दुसऱ्या दिवशी सुरू झाले. वरचे वाफे गेले ते गेलेच. सव्वादोनातली एकरभर शेवंती बाजारात आली. आप्पा अपिलात गेले नाहीत. जायला हुकमात जागा नव्हती. त्यांनी गावात सांगितले की ते मोठ्या मनाने माघार घेत आहेत, आणि हे सांगायलाही त्यांनी एक इंग्रजी शब्द वापरला, पण तो गोंधळाचा नसल्याने मी टिपून ठेवला नाही.

गावाने मात्र कन्फ्यूजन उचलले. आता चहात मीठ पडले तरी कन्फ्यूजन, म्हैस दुसऱ्याच्या कडब्यात गेली तरी कन्फ्यूजन, आणि वर्गणी बुडवली तरी तेच. पूर्वी म्हणत, चुकलं. त्यात मान खाली घालावी लागे. या नव्या शब्दात मान वर ठेवता येते, ही त्याची खरी किंमत आहे आणि म्हणूनच तो इतका खपतो. इंग्रजीला मी दोष देत नाही. त्या भाषेत हे शब्द कशासाठी केले असतील ते मला ठाऊक नाही. आपण ते कशासाठी आणले ते मात्र मी पाहिले आहे.

या गोष्टीला पाच वर्षे झाली. हिशेब असा मिटला. चाचांनी भरलेले अठरा रुपये शिरूरच्या खजिन्यातून १९६४ च्या जूनमध्ये त्यांना परत मिळाले. घेताना मी सोबत होतो, अंगठ्याखाली माझी साक्ष आहे. ते खात्याने दिले नाहीत. ज्याने डिस्क्रेपन्सी म्हटले त्याने काही दिले नाही, कन्फ्यूजन म्हणणाऱ्याने नाही, मिसअंडरस्टँडिंगवाल्यानेही नाही. वसूल झाले ते मोजणीदाराच्या पगारातून, दरमहा तीन रुपये, सहा महिने. हे मला त्या दिवशी खजिन्याच्या खिडकीवरच कळले. चाचांनी नोटा मोजल्या नाहीत. तशाच माझ्या हातात दिल्या आणि त्या पोराला पोचवायला सांगितल्या. त्याची बदली झाली होती. मी पत्ता काढला आणि पुढच्या आठवड्यात अठरा रुपयांची मनिऑर्डर त्याच्या नावे केली. मनिऑर्डरचा खर्च मी दिला. पोच आली, सहीसकट.